जॉर्डनस, तुला मूठमाती कुणी दिली?

चौघांना मूठमाती तू दिलीस, जॉर्डनस. तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. तिघे गुरुवारी मारले गेले, ९ एप्रिल १३२१ ला. पीटर त्या वेळी सोबत नव्हता, त्याला शनिवारी गाठलं. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. ठाण्यात घडलेली ही गोष्ट आज सातशे वर्षांनी जासईत बसलेल्या माणसाला वारासकट सांगता येते, कारण तू मागे उरलास आणि मागे उरलेल्यानं करायचं काम तू केलंस. तुझ्यामागे मात्र कुणी उरलं नाही.

आमच्या खाडीचं पाणी आणि ठाण्याचं पाणी एकच. ओहोटी लागली की ठाण्याकडून निघालेलं पाणी वाशी, बेलापूर करत न्हावा-शेव्यावरून दर्याला मिळतं. आता त्या पाण्यावर कंटेनरची जहाजं उभी असतात आणि शेजारच्या चिर्ल्याला अटल सेतू येऊन उतरतो. तुझ्या काळी इथं काथ्यानं शिवलेली जहाजं येत, अख्ख्या जहाजात लोखंडाचा एक खिळा नसे. तसल्याच जहाजातून तुझ्यानंतर थोड्याच वर्षांत आलेला ओदोरिक नावाचा संन्यासी लिहून गेलाय की होर्मुझहून ठाण्याला यायला अठ्ठावीस दिवस लागतात. तू फ्रान्सच्या दक्षिणेतल्या सेवेराकचा, डॉमिनिकन पंथाचा. ते चौघे फ्रान्सिस्कन. इराणातल्या तबरीझला तुमची गाठ पडली. जायचं होतं कोल्लमला, मलबारात. वाऱ्यानं दीवला नेलं, तिथून ठाण्याला. तुम्ही इथं ठरवून आलाच नव्हता.

ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. पूर्वेकडच्या सीरियन परंपरेतली, नेस्टोरियन म्हणतात ती. तुमच्या रोमला ती पाखंडी वाटायची, पण रात्री दार त्यांनीच उघडलं. तू त्या चौघांना तिथं ठेवून सोपाऱ्याकडे निघालास, पुढे भडोचला जायचं म्हणून. आणि मागे घरात भांडण पेटलं. ज्या घरात ते उतरले होते त्या घरच्या नवऱ्यानं बायकोला मारलं. ती सरळ काझीकडे गेली. साक्षीला कोण, असं काझीनं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की घरात चार परदेशी संन्यासी होते, त्यांनी पाहिलंय.

मी या बाईपाशी दर वेळी थांबतो. तिचं नाव कुणीच लिहिलं नाही. रक्तसाक्ष्यांच्या कथेत ती फक्त निमित्त म्हणून येते, भांडणाचं कारण म्हणून. पण चौदाव्या शतकातल्या ठाण्यात अंगावर वळ घेऊन एक बाई न्याय मागायला एकटी उठून जाते, ही गोष्ट लहान नाही. तिला न्याय मिळाला का, कळायला मार्ग नाही. तिच्या साक्षीदारांना बोलावलं ते तिच्यासाठी, आणि चौकशी सुरू झाली त्यांच्या धर्माची. पैगंबरांबद्दल तुमचं मत काय, असा प्रश्न आला. थॉमसनं जे उत्तर दिलं त्यानंतर परतीची वाट उरली नाही.

त्यांना आधी उन्हात उभं केलं, सकाळपासून दुपार कलेपर्यंत. एप्रिलचं कोकणातलं ऊन म्हणजे काय, ते मिठागरात राबलेल्या माणसाला विचारावं. आमच्याकडे याच दिवसांत मीठ पिकतं, पाय फाटतात, खारं पाणी भेगांत जातं, डोळ्यांपुढं पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. मग आग झाली. आगीतून जेम्स न भाजता बाहेर आला, असं सांगतात. ज्यांनी सांगितलं त्यांची श्रद्धा मी मोडणार नाही. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ठाण्याचा मलिक, दिल्लीच्या सुलतानाचा अंमलदार, कचरला. त्यानं त्यांना जाऊ दिलं. शहराबाहेर, पाणी ओलांडून पलीकडच्या वस्तीत, एका हिंदू माणसाच्या घरी ते उतरले. तिथवर मरण टळलं होतं. रात्री काझीनं मलिकाला पुन्हा भरीला घातलं आणि हत्यारबंद माणसं पाठवली गेली. पुढे दिल्लीच्या बादशहानं त्या मलिकालाच मारवलं, असं ओदोरिक सांगतो. म्हणजे ज्यानं आसरा दिला तो ना त्यांच्या धर्माचा, ना मारणाऱ्यांच्या. ज्यानं शिक्षा दिली तो मारणाऱ्यांच्याच धर्माचा. या हत्येवरून आज कुणी एका समाजाकडे बोट दाखवायला निघाला तर त्यानं ही दोन माणसं आधी नीट बघावीत.

तुला बातमी वाटेतच लागली. तू मागे फिरलास. कशाच्या भरवशावर फिरलास? तूही त्यांच्यासारखाच परदेशी संन्यासी, भाषा नीट येत नाही, ओळखणारी घरं पंधरा आणि तीही हादरलेली. सोबतीला मिळाला एक जिनोवाचा तरुण, बहुधा व्यापारासाठी आलेला. त्याचंही नाव नाही. तुम्ही दोघांनी ती शरीरं सोपाऱ्याला नेली आणि पुरली. कोकणातला एप्रिल, दिवसांमागून दिवस गेलेले. मी याहून जास्त लिहीत नाही. ज्यानं कधी आपल्या माणसाचं शरीर उशिरा ताब्यात घेतलंय त्याला कळेल.

सोपाऱ्याच्या मातीला असली माणसं नवी नव्हती. पूर्ण नावाचा बुद्धाचा शिष्य त्याच भागातला. तिथल्या आडदांड लोकांत तो परत जायला निघाला तेव्हा बुद्धानं त्याला विचारलं होतं की त्यांनी मारहाण केली तर काय करशील. जिवे तरी मारलं नाही म्हणून त्यांना भलं म्हणेन, अशा अर्थाचं तो बोलला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्यातून बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे निघाले. त्याच गावात कुठेतरी तू चार खड्डे केलेस, किंवा एकच. त्यांतली हाडं ओदोरिकनं पुढे काढून चीनला नेली. वाटेत वारा पडला, जहाज हलेना, तेव्हा त्यानं एक हाड समुद्रात सोडलं आणि वारा सुटला, असं त्यानंच लिहिलंय. चौघांपैकी कुणाचं होतं ते, सांगत नाही.

सहा महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, तू गुजरातेतल्या घोघ्याहून तबरीझकडच्या आपल्या बांधवांना पत्र घातलंस. रडगाणं नाही. कुठे माणसं पाठवावीत त्याचा हिशेब आहे: सोपारा, भडोच, कोल्लम. तीन ठिकाणं, तिथं कामाला वाव आहे, या. दुसरं पत्र ठाण्याहून, अडीच वर्षं एकट्यानं काढल्यानंतर. त्यात मात्र तुझा आवाज फाटलाय. समुद्रावर चाच्यांनी धरलं, तुरुंगात टाकलं, आळ घेतले, ताप आला, उपास पडले. पंथाचा झगा अंगावर उरला नव्हता, नुसत्या सदऱ्यावर फिरत होतास, आणि त्याची लाज तुला मारापेक्षा जास्त लागली असावी. तरी त्याच पत्रात तू पुन्हा माणसंच मागतोस. हिशेबही देतोस: भडोचला नव्वद जणांना बाप्तिस्मा दिला, नंतर आणखी विसावर, ठाणे ते सोपारा पट्ट्यात पस्तीस. ज्या गावात सोबती मारले गेले त्याच गावात तू राहिलास आणि तिथूनच पत्र लिहिलंस. धर्मांतराच्या कामाबद्दल माझं मत काहीही असो, हा चिवटपणा मला थक्क करतो.

तुझ्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत. या समुद्रावर पोपची दोन गलबतं ठेवली तर अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचं केवढं नुकसान होईल, असा मनसुबाही तू रचलास. मुसलमानांबद्दल तुझी लेखणी कडवट आहे. क्रूसयुद्धांनी पोसलेल्या शतकाचा तू मुलगा होतास. ते झाकून तुझ्यावर लिहिण्यात अर्थ नाही.

पण मग तुझं पुस्तक हातात येतं. ‘मिराबिलिया देस्क्रिप्ता’, लॅटिनमध्ये, नवलांची वर्णनं. लहानसं आहे, एका दुपारी वाचून होतं. मी ते हेन्री यूलच्या १८६३ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचलं. मूळ हस्तलिखित एकच ठाऊक आहे, लंडनला. ते हरवलं असतं तर तुझा निम्मा जीव गेला असता. त्यात फणस आहे. फळ डहाळीला न लागता खोडाला आणि जाड फांद्यांना लागतं, हे तू टिपलंस आणि एक फणस पाच जणांना पुरतो असा अंदाजही दिलास. आंब्याच्या गोडीला शब्द नाहीत म्हणून हात टेकलेस. माडाचं काय काय होतं ते घरातल्या माणसासारखं सांगत गेलास: पाणी, खोबरं, तेल, गोड रस, काथ्या. पारशांनी मृतदेह न जाळता, न पुरता, बिनछपराच्या बुरुजात पक्ष्यांसाठी ठेवायची रीत तू पाहिलीस. युरोपात ती पोचवणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी तू. उन्हाळा तुला भयंकर वाटला. आणि मिरी! ती वेलीवर द्राक्षांसारखी लागते, आधी हिरवी असते, पिकून सुकली की काळी आणि सुरकुतलेली होते. ती आगीवर भाजून काळी करतात असं जे सांगतात ते खोटं बोलतात, असं तू ठणकावलंस. जिथं तू स्वतः गेला नाहीस तिथल्या अजगरांच्या आणि राक्षसी पक्ष्यांच्या कथा सांगताना ऐकीव आहे हे सांगून मोकळा झालास. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांच्यामध्ये बांध घालणारे लेखक त्या काळात थोडे.

आणि या देशातल्या माणसांबद्दल तू काय लिहिलंस? खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरी, न्यायाला पक्की. जॉर्डनस, तू हे लिहिलंस! इथल्या मातीत चार सोबती पुरून, इथल्या तुरुंगात राहून, इथल्या तापानं फणफणून. तुझ्या रक्तसाक्षीपणावर उद्या कुणी पुराव्याचा प्रश्न काढला तरी मला तुझ्यापुढं वाकायला हे एक वाक्य पुरेल. दुःखानं माणसाचे डोळे बहुतेक वेळा मिटतात. तुझे मिटले नाहीत.

मी जासईचा. आमच्याकडे मेलेल्यांची नावं घ्यायची रीत आहे. नवी मुंबईसाठी सिडकोनं आमच्या जमिनी घेतल्या, भातखाचरं, मिठागरं, खाजणं, निवटे पकडायच्या चिखलासकट. दि. बा. पाटील आमच्याच गावचे, त्यांनी शेतकऱ्यांना उभं केलं. १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर गोळी चालली, दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर. नामदेव शंकर घरत. रघुनाथ अर्जुन ठाकूर. महादेव हिरा पाटील. केशव महादेव पाटील. कमळाकर कृष्णा तांडेल. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचं तत्त्व या पाच जणांच्या रक्तातून आलं, आणि ते पुढे आमच्यापुरतं राहिलं नाही. दर जानेवारीत ही नावं मोठ्यानं घेतली जातात. इथल्या पोराला ती पाढ्यांसारखी येतात. तिकडे चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांची नावं अशीच सप्टेंबरात घेतात.

या नावांत वाढलेल्या माणसाला तुझी गोष्ट झोंबते. नाव आपोआप टिकत नाही. कुणीतरी शरीर ताब्यात घ्यावं लागतं, कुणीतरी नोंद करावी लागते, कुणीतरी दर वर्षी चार माणसं गोळा करून माईकपुढं उभं राहावं लागतं, पावती फाडून हार आणावा लागतो, नातवंडांना हाताला धरून न्यावं लागतं. तुमच्या धर्माचाही इतिहास अशाच माणसांनी उभा राहिलाय. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याला रोमला श्वापदांपुढं टाकायला नेत होते, आणि वाटेत तो मंडळ्यांना पत्रं लिहीत गेला. त्या पत्रांची जुळवाजुळव करून ती पुढे पाठवली स्मुर्नाचा बिशप पॉलिकार्प यानं. पॉलिकार्पला म्हातारपणी जाळलं, तेव्हा स्मुर्नाच्या मंडळीनं त्याचं मरण लिहून काढलं आणि हाडं गोळा करून ठेवली. एकाचं दुसऱ्यानं लिहायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. चौघांचं तू लिहिलंस. तुझ्यापाशी ही साखळी तुटली.

बिशप तूही झालास. दरम्यान तू युरोपात परतला होतास. पोप बाविसावा जॉन तेव्हा आव्हिन्योंला होता. त्यानं १३२९ च्या ऑगस्टमध्ये कोल्लमची धर्मपीठिका स्थापली, पूर्वेच्या या सागरावरची पहिली लॅटिन धर्मपीठिका, आणि तुला तिथला बिशप नेमलं. ज्या बंदराला जायला निघून वाऱ्यानं तुला ठाण्याला आणून टाकलं होतं, ते बंदर शेवटी तुझ्या नावावर झालं. पुढच्या वर्षी हातात पोपची पत्रं देऊन तुला रवाना केलं.

तिथून पुढे तुझ्या हातचं एक अक्षर नाही. परंपरा म्हणते, तू पुन्हा ठाण्याला आलास आणि १३३६ च्या सुमारास तुला दगडांनी ठेचून मारलं. त्या वेळचा कागद नाही, साक्षीदार नाही, वार नाही. मी परंपरेच्या बाजूनं आहे. ठाण्याला परतणं तुझ्या स्वभावात बसतं. पहिल्यांदाही तू तसाच मागे फिरला होतास. दगड मारणारे संपल्यावर त्या रस्त्यावर कोण आलं? त्या पंधरा घरांतलं कुणी? तू बाप्तिस्मा दिलेल्या पस्तिसांतलं कुणी, जे आता मोठं झालं असेल? की ती नवऱ्याचा मार खाल्लेली बाई, तोवर म्हातारी झालेली, जिला चार साक्षीदारांचं ओझं पंधरा वर्षं वागवावं लागलं होतं? मला फार वाटतं की ती यावी.

वसईच्या गोन्सालो गार्सियाचं नशीब वेगळं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत तो क्रुसावर गेला. त्याचा दिवस माहीत, टेकडी माहीत, शेजारच्या क्रुसांवर कोण कोण होतं तेही माहीत. १८६२ मध्ये तो संत झाला, वसईकर त्याचा सण करतात. तुझ्या चौघांपैकी थॉमसला १८९४ मध्ये धन्यवादित केलं. तू त्यांची हाडं वाहणारा, तू वेशीबाहेरच. तुझ्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं आणि तुमच्या धर्माला मराठी ओवी मिळाली. ठाण्यात तू मराठीच ऐकली असशील, माडाखाली, बाजारात, कोळणींच्या तोंडून. लिहिण्यापुरती ती तुझी झाली असती तर आम्ही तुला इतके विसरलो नसतो.

आणि एक माणूस होता ज्याला तुझ्याबद्दल लिहिता आलं असतं. ज्योव्हानी दे मरिग्नोली, पोपचा वकील, चीनहून परतताना १३४० च्या दशकाच्या शेवटी शेवटी कोल्लमला उतरला. तिथं संत जॉर्जचं लॅटिन पंथाचं देऊळ उभं होतं. तो वर्षाहून जास्त तिथं राहिला. मिऱ्यांच्या तोलाईतून ख्रिस्ती लोक त्याला दरमहा शंभर सोन्याचे पणम देत. तुला जाऊन वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. तुला पाहिलेली माणसं त्या देवळात रविवारी त्याच्यासमोर गुडघे टेकत असतील. त्यानं मिऱ्यांबद्दल लिहिलं, आणि ती आगीवर भाजत नाहीत हेही लिहिलं, तू लिहिलं होतंस तेच. कन्याकुमारीच्या टोकाला संगमरवरी खांब उभारला, वर क्रूस, खांबावर पोपची मुद्रा आणि शेजारी स्वतःची, मजकूर लॅटिनमध्ये आणि इथल्या लिपीत, जग बुडेपर्यंत टिकावा म्हणून. कोल्लमच्या पहिल्या बिशपाचं नाव त्याच्या ग्रंथात कुठेही नाही. विचारायला एक प्रश्न पुरला असता, जॉर्डनस, आणि तो त्यानं विचारला नाही. मला त्याचा अजून राग येतो.